संगणकाला नागपूरचे ऊन सांगा

गेल्या काही वर्षांत ‘पॅरामेट्रिक’ हा शब्द नागपुरातल्या वास्तुविशारदांच्या ऑफिसांतून बाहेर पडून थेट घरमालकाच्या तोंडी आला आहे. वर्धा रोडवर नवे शोरूम उभे राहते, बेसा-मनीषनगरकडे कुणी बंगला बांधतो, आणि त्याच्या दर्शनी भागावर लहरदार पट्ट्या, क्रमाक्रमाने लहान होत जाणारी भोके पाडलेली एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या थरांचा पत्रा) किंवा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापलेली जाळी लागते. फॅब्रिकेटर त्याला पॅरामेट्रिक एलिव्हेशन म्हणतो आणि त्याचा चौरस फुटाचा भाव वेगळा सांगतो. ही जाळी पश्चिमेच्या भिंतीवर आहे की उत्तरेच्या, तिच्यामागे खिडकी आहे की नुसती वीट, याने तिच्या नक्षीत काडीचाही फरक पडत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्या पद्धतीचा सारा अर्थच परिस्थितीनुसार आकार बदलण्यात आहे, ती पद्धत आपण परिस्थितीकडे पाठ फिरवून वापरतो आहोत. हे खासगी बंगल्यांपुरते असते तर त्यावर लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. पण शाळा, दवाखाने आणि सरकारी कार्यालयेसुद्धा आता याच नजरेने पाहिली जाऊ लागली आहेत, आणि तिथे पैसा आपला सर्वांचा असतो.

पद्धत मुळात अशी आहे की वास्तुविशारद आकार काढत नाही, आकार कसा ठरावा याचे नियम लिहितो. मजल्याची उंची १० फुटांवरून ११ फूट केली तर पायऱ्या वाढतात, जिन्याची लांबी वाढते, लँडिंग सरकते, रेलिंग बदलते. हाताने नकाशा काढणाऱ्याला हे सगळे पुन्हा काढावे लागते. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये उंचीचा एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप जुळते, कारण पायऱ्या आणि उंची यांचे नाते आधीच लिहून ठेवलेले असते. याच तत्त्वाने सूर्याची दिशा, वाऱ्याचा रोख, तुळईचा गाळा, खर्चाची मर्यादा अशी अनेक परिमाणे एकमेकांना जोडता येतात आणि शेकडो पर्याय तपासता येतात.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. स्पेनचा वास्तुविशारद अंतोनी गाउदी याने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्युएलच्या चर्चसाठी दोऱ्यांना छोटी वजने टांगून कमानींचे उलटे मॉडेल तयार केले होते. एक वजन हलवले की सगळे दोरे आपापली नवी जागा घेत, आणि तो आकार उलटा केला की दगडी कमान कशी उभी राहावी ते कळे. या कामात त्याने सुमारे दहा वर्षे घालवली. पुढे इटलीचा वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती याने १९६० साली मिलानच्या प्रदर्शनात स्टेडियमची मॉडेले मांडली, ज्यांचा आकार प्रेक्षकाला मैदान कितपत दिसते यावरून ठरला होता. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंडने स्केचपॅड हा प्रोग्राम लिहिला, ज्यात दोन रेषा समांतर राहाव्यात असे संगणकाला सांगता येत होते. लंडनच्या वॉटरलू स्थानकाच्या १९९३ सालच्या छपराचा गाळा वळणाऱ्या आणि निमुळत्या होत जाणाऱ्या रुळांबरोबर बदलत जातो; त्याच्या ३६ कमानी एकाच नियमातून निघाल्या. या प्रत्येक उदाहरणात आधी एक अडचण होती आणि आकार तिच्या पाठोपाठ आला.

उलटा क्रम नंतर सुरू झाला. २००७ मध्ये ग्रासहॉपर हे सॉफ्टवेअर आले आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ठोकळे तारांनी जोडून असे नियम लिहिता येऊ लागले. ही मोठीच सोय झाली. त्यानंतर वर्षभरात, २००८ च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनाच्या सुमारास, वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या कार्यालयातले भागीदार पॅट्रिक शूमाखर यांनी पॅरामेट्रिसिझम ही नव्या काळाची शैली असल्याचे जाहीर केले. या कार्यालयाच्या कामाचा दर्जा कुणी नाकारणार नाही आणि त्यांनी उभारलेले बाकूचे हैदर अलियेव्ह केंद्र पाहून मीही थक्क होतो. पण पद्धतीला शैली म्हटले की तिची नक्कल नियमांवाचून करता येते. आपल्याकडे जी पोहोचली ती ही नक्कल.

आता नागपुरातली एक साधी खिडकी घेऊ. आपले शहर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. खिडकी चार फूट उंच आहे आणि तिच्या डोक्याला लागून दोन फुटांचा छज्जा आहे, जसा आपल्याकडे घरोघरी असतो. ही खिडकी दक्षिणेला असेल तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस आणि रात्र समान असतात त्या सुमारास, भर माध्यान्ही सूर्य सुमारे ६९ अंशांवर असतो आणि छज्ज्याची सावली पाच फूट खाली उतरते. खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, सावली दोन फुटांवर थांबते आणि उरलेल्या दोन फुटांतून ऊन आत येते, जे त्या दिवसांत हवेसेच वाटते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तर सूर्य दिवसभर उत्तरेकडेच राहतो आणि दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. म्हणजे दक्षिणेला हा छज्जा चोख काम करतो.

तीच खिडकी आणि तोच छज्जा पश्चिमेला नेला की हिशेब कोलमडतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंशांवर आणि भिंतीच्या जवळजवळ समोर असतो. छज्ज्याची सावली सव्वा फुटावर संपते आणि पावणेतीन फूट काच उन्हात तापत राहते. आणि ही वेळ अशी, की बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो. निव्वळ छज्ज्याने ही खिडकी झाकायची तर तो जवळपास सात फूट बाहेर काढावा लागेल. असे असूनही आपण चारही बाजूंना तेवढाच छज्जा काढतो, कारण सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) एकाच मापाचे लागते आणि दिशेनुसार माप बदला असे सांगणारे कुणी नसते.

पश्चिमेला उभ्या पट्ट्या लावाव्यात हे पाठ्यपुस्तकातले उत्तर आहे, आणि पॅरामेट्रिक पद्धतीचा खरा उपयोग इथून पुढे सुरू होतो. मेमध्ये त्या वेळी सूर्य नेमक्या पश्चिमेला नसून सुमारे १२ अंश उत्तरेला सरकलेला असतो. डिसेंबरात त्याच वेळी तो पश्चिमेपासून सुमारे ३२ अंश दक्षिणेला असतो. म्हणून भिंतीशी काटकोनात लावलेल्या पट्ट्या उन्हाळ्यातले ऊन बहुतांशी आत सोडतात. पण त्याच पट्ट्यांची बाहेरची टोके दक्षिणेकडे वळवली तर त्या मेचे ऊन अडवतात आणि डिसेंबरचे आत येऊ देतात. साहित्य तेवढेच, वजन तेवढेच, फक्त कोन वेगळा. मात्र नैर्ऋत्येकडे उघडलेल्या या पट्ट्यांतून पावसाळी वाऱ्याबरोबर झडही आत येणार, त्यामुळे खिडकीची झडप कशी असावी हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो.

त्यातच कूलर आहे. नागपुरातल्या बहुतेक घरांत उन्हाळा कूलरवर निघतो. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, त्याला मागून आणि बाजूंनी कोरडी हवा मोकळी मिळावी लागते, त्यात रोज पाणी भरावे लागते आणि खोलीतली दमट झालेली हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी उघडी असावी लागते. सुंदर पट्ट्यांनी सगळा दर्शनी भाग बंद केलेल्या इमारतीत या स्टँडला जागाच नसते. मग राहायला आलेली माणसे पट्ट्या कापतात किंवा एसी घेतात. परदेशी इमारतीवरून उचललेल्या नियमांत कूलरचे स्टँड कुठेच नसते. अबुधाबीच्या अल बहार मनोऱ्यांवर २०१२ पासून उन्हाप्रमाणे उघडझाप करणाऱ्या छत्र्या आहेत, एकेका मनोऱ्यावर हजाराहून अधिक. त्या वाळवंटात ते उत्तर समर्पक आहे, पण आपल्या धुळीत आणि सार्वजनिक इमारतींच्या देखभालीच्या आपल्या सवयींत अशा मोटारी किती काळ चालतील याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. स्थिर पट्टी, योग्य कोनात, कूलरची जागा सोडून: नागपूरचे उत्तर असे काहीतरी असेल, आणि ते शोधायला संगणकासारखा मदतनीस नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांना कुठे संगणक लागला होता? जाड भिंती, मधला चौक, वाळ्याच्या ताट्या. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा, उंच छत, वर झरोके आणि कवेलूंचे छप्पर. हे शहाणपण पिढ्यांनी कमावले आहे आणि त्याचा आदर असल्यामुळेच मला हिशेब हवा आहे. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्याला जागेची कमतरता नव्हती. आज १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि रस्ता पश्चिमेला, अशा ठिकाणी व्हरांडा काढला तर एक खोली जाते. सात मजली इमारतीत चौकाचा डक्ट होतो आणि डक्टमध्ये पाइप जातात. जुन्या इमारतीतला व्हरांडा उचलून इथे ठेवता येत नाही; तो व्हरांडा नेमके काय करत होता, किती अंशांचे ऊन अडवत होता, किती हवा ओढत होता, हे समजून घेऊन तेवढेच काम दोन फुटांत करून घ्यावे लागते. अनुभवाने हे साधणारे जुने लोक आता बांधकामावर राहिलेले नाहीत.

इथे खरा सार्वजनिक प्रश्न येतो, तो म्हणजे परिमाणे कोण ठरवणार. संगणकाने काढलेले उत्तर सर्वोत्तम आहे असे कुणी सांगितले की आपण दबून जातो. पण ते कोणत्या निकषावर सर्वोत्तम आहे, हे संगणकाने ठरवलेले नसते. प्लॉटचे माप, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येते ते प्रमाण) आणि मार्जिन (भोवती सोडायची मोकळी जागा) घालून विकण्याजोगे क्षेत्र जास्तीत जास्त किती निघेल हे काढून देणारे प्रोग्राम आज बाजारात आहेत, आणि तेही संगणकीय डिझाइनच आहे. त्यात बेडरूमचे तापमान हा रकानाच नसेल तर उत्तरातही तापमान नसणार. २०२० पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना लागू झालेली एकत्रित विकास नियमावली पाहिली तर मार्जिन रस्त्याच्या रुंदीवर, प्लॉटच्या आकारावर आणि इमारतीच्या उंचीवर ठरते. दिशेचा त्यात संबंध नाही. पश्चिमेचे मार्जिन आणि उत्तरेचे मार्जिन नियमाच्या दृष्टीने सारखेच. आपल्या बहुतेक इमारतींचा आकार या नियमावलीनेच ठरत असल्यामुळे, शहराचे सर्वांत मोठे पॅरामेट्रिक मॉडेल तीच आहे असे म्हटले तर चूक ठरू नये; आणि त्या मॉडेलला सूर्य ठाऊक नाही.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत मात्र ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. भिंत, काच, खिडक्यांचे प्रमाण, छज्जा आणि दिशा यांना एका सूत्रात बसवून इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणारी उष्णता काढायची आणि ती चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायची, असा तिचा गाभा आहे. एकाच प्रकारच्या खिडकीला पश्चिमेला आणि उत्तरेला वेगळा भार मिळतो. नियम कसा लिहावा याचे हे चांगले उदाहरण आहे. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. आपल्याकडच्या हजार-दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटांवरची घरे, म्हणजे जिथे उष्णता सर्वांत जास्त सोसली जाते ती घरे, तिच्या कक्षेबाहेर राहतात.

आकडेवारीचा म्हणून एक मुद्दा फारसा बोलला जात नाही, तो सांगणे आवश्यक आहे. असे हिशेब ज्या हवामान फायलींवर चालतात त्या अनेक वर्षांच्या नोंदींतून प्रातिनिधिक महिने निवडून तयार केलेल्या असतात. प्रातिनिधिक म्हणजे टोकाचा नव्हे. ज्या आठवड्यात लोक उष्माघाताने दवाखान्यात येतात तो आठवडा अशा फाइलमध्ये सहसा सापडत नाही. शिवाय नोंदी विमानतळासारख्या मोकळ्या जागेवरच्या असतात. सोनेगाव विमानतळावरचे रात्रीचे तापमान आणि इतवारीच्या गल्लीत, दोन्ही बाजूंच्या तापलेल्या भिंतींमधले रात्रीचे तापमान एक नसते. याच शहरात प्रादेशिक हवामान केंद्र आहे, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचे मुख्यालय आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि वास्तुकलेचा विभाग असलेले व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यांनी मिळून शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांच्या तापमानाच्या, जमिनीच्या उतारांच्या आणि पावसाच्या तीव्रतेच्या नोंदी सर्वांना वापरता येतील अशा स्वरूपात खुल्या केल्या, तर एखाद्या तीन माणसांच्या ऑफिसलाही खऱ्या आकड्यांवर काम करता येईल. पावसाची गोष्ट मुद्दाम घातली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९,३०० लिटर पाणी होते. ते कुठे जाणार हेसुद्धा इमारतीच्या डिझाइनमधलेच एक परिमाण आहे, आणि आपल्या नकाशांवर त्याची जागा बहुधा एका बाणाएवढी असते.

खर्चाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. ब्रिटिश म्युझियमच्या २००० सालच्या अंगणावरच्या छपरात ३,३१२ काचा आहेत आणि त्यांतल्या दोन सारख्या नाहीत; असे काही नागपुरात कुणी मागू नये. पण प्रत्येक तुकडा वेगळा असणे ही या पद्धतीची अट नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेपासून बनलेल्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. त्यांची जाळीची भिंत बांधायची आणि प्रत्येक वीट उन्हाच्या हिशेबाने थोडी वळवायची असे ठरले, तर संगणक दोनशे विटांना दोनशे कोन देईल. मिस्त्रीला असा कागद देणे म्हणजे त्याचा अपमान आहे आणि कामाची नासाडी. शहाणा वास्तुविशारद त्या दोनशे कोनांचे पाच करतो, पाच कोनांचे प्लायचे पाच साचे कापतो, त्यांवर रंग मारतो आणि थराथराला कोणत्या रंगाचा साचा लावायचा एवढेच लिहून देतो. सावलीत फरक नगण्य पडतो, मिस्त्री ओळंबा आणि साचा घेऊन नेहमीच्या वेगाने काम करतो, आणि खर्च साध्या जाळीपेक्षा थोडाच वाढतो. सॉफ्टवेअरचे म्हणाल तर छज्ज्याचा वरचा हिशेब एक्सेलमध्ये होतो आणि उन्हाचा सविस्तर अभ्यास करणारी लेडीबगसारखी साधने मोफत आहेत. अडचण पैशाची कमी आणि मागणीची जास्त आहे: हिशेब कुणी मागतच नाही.

महाविद्यालयांबद्दल थोडक्यात सांगतो. विद्यार्थी आज ही साधने आमच्या पिढीपेक्षा कितीतरी सफाईने वापरतात आणि त्याचे मला मनापासून कौतुक आहे. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, त्यांना आकार कसा सुचला हे विचारले जाते. कोणता आकडा बदलला तर हा आकार मोडेल, हेही विचारले जावे.

मागणी कशी निर्माण होईल? माझ्या मते सार्वजनिक इमारतींपासून. महापालिका, सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग जेव्हा एखादी इमारत काढतात तेव्हा निविदेत क्षेत्रफळ, खोल्या आणि खर्च लिहिलेला असतो. त्यासोबत चार-पाच परिमाणेही लिहिली जावीत: मेच्या दुपारी विजेवाचून खोलीचे तापमान बाहेरच्यापेक्षा किती कमी राहिले पाहिजे, दिवसा दिवा न लावता किती भागात वाचता आले पाहिजे, आवारातले किती पाणी आवारातच मुरले पाहिजे, वीज गेल्यावर हवा कुठून कुठे वाहिली पाहिजे. ज्याला वळणदार आकार काढायचा आहे त्याने खुशाल काढावा, ज्याला सरळ डबा काढायचा आहे त्यानेही. दोघांनी आपला हिशेब चित्रासोबत जोडावा आणि तो निवड होण्याआधी लोकांना पाहायला मिळावा. सामान्य माणसाला सूत्र कळणार नाही हे खरे, पण बाह्यरुग्ण विभागाची रांग पश्चिमेच्या काचेलगत का ठेवली, हा प्रश्न त्याला नक्कीच कळतो आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

लहान प्लॉटांसाठी एवढेही नको. नकाशा मंजुरीसोबत दिशेनुसार छज्ज्याची, पट्ट्यांच्या कोनांची आणि कूलरच्या जागेची एक पानाची तक्ता-पत्रिका द्यावी; ती एकदा तयार केली की सगळ्या शहराला पुरते, कारण अक्षांश सर्वांचा एकच आहे. सक्ती न करताही अनेक घरमालक ती मिस्त्रीच्या हातात देतील.

सुरुवात एखाद्या आरोग्य केंद्रापासून करता येईल, कारण शाळा मेमध्ये बंद असतात आणि आपल्याकडे त्या जूनच्या अखेरीलाच उघडतात, तर दवाखान्यात मेमध्ये गर्दी उलट वाढते. इमारत वापरात आल्यावर पहिल्या मे महिन्यात तिच्या प्रतीक्षालयात आणि वॉर्डांत तापमान मोजावे, ते डिझाइनच्या वेळी वर्तवलेल्या आकड्यांशेजारी प्रसिद्ध करावे, आणि अंदाज जिथे चुकला असेल तिथे पुढच्या केंद्राच्या निविदेत तो आकडा दुरुस्त करून घालावा.